बारीक पानांचं जेड, म्हणजेच स्पेकबूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करंगळीच्या नखाएवढी गोलसर रसदार पानं, तांबूस खोड, आणि एका ठिकाणी छाटलं की दोन ठिकाणी फुटणारा स्वभाव. नर्सरीत याला कुणी 'छोटं जेड' म्हणतं, कुणी 'बोन्साय जेड'. शास्त्रीय नाव पोर्टुलॅकॅरिया आफ्रा, आणि मायदेशात, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत, स्पेकबूम. माझ्याकडचं सगळ्यात जुनं झाड आता मनगटाएवढ्या खोडाचं झालंय. त्याच्या आधीची दोन झाडं मी पाणी घालून घालून कुजवली होती, आणि त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून खाली पाण्याबद्दलचं उत्तर सगळ्यात लांब आहे. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, तेवढं मात्र वाचा.

हे खरं जेड आहे का?

नाही. ज्याला सगळीकडे जेड म्हणतात ते क्रॅसुला ओव्हाटा, आणि ते वेगळ्याच कुळातलं झाड आहे. दोन्ही दक्षिण आफ्रिकेतली, दोन्हींची पानं मांसल, त्यामुळे गल्लत होते. शेजारी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. क्रॅसुलाचं पान मोठं, तीन ते सात सेंटिमीटर, जाडजूड. खोड सुजल्यासारखं, हिरवट-करडं. स्पेकबूमचं पान एक-दोन सेंटिमीटरचं, पातळसर. कोवळी फांदी लालसर तपकिरी आणि बारीक. क्रॅसुला दिमाखात उभं राहतं, स्पेकबूमच्या फांद्या पसरतात, लवतात, खाली झुकतात.

हा फरक नुसता नावापुरता नाही. क्रॅसुला कुत्र्या-मांजरांना बाधतं, स्पेकबूम बाधत नाही. शिवाय छाटणीला स्पेकबूम जितकं पटकन आणि दाट फुटतं, तितकं क्रॅसुला फुटत नाही. घरातलं झाड नेमकं कोणतं, हे आधी ठरवून घ्या.

नावाचा अर्थ काय?

पोर्टुलॅकॅरिया म्हणजे पोर्टुलाकासारखं, आणि पोर्टुलाका म्हणजे आपल्या ओळखीची घोळ. पूर्वी या झाडाला घोळीच्याच कुळात धरत. आता ते डिडिएरेसी कुळात गेलं आहे. मादागास्करमधली काटेरी, उंच, खांबासारखी झाडं याची जवळची नातेवाईक निघाली. आफ्रा म्हणजे आफ्रिकेतलं. स्पेकबूम हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द: स्पेक म्हणजे डुकराची चरबी, बूम म्हणजे झाड. इंग्रजीत याला हत्तीचं खाणं अशा अर्थाचंही नाव आहे, आणि ते अगदी शब्दशः खरं आहे.

हत्ती खरंच खातात? आणि खाऊनही झाड उरतं कसं?

खातात, भरपूर खातात. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप प्रांतात ॲडो हत्ती राष्ट्रीय उद्यान आहे. १९३१ साली ते स्थापन झालं तेव्हा तिथे जेमतेम अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेहून जास्त आहेत. त्या भागातल्या दाट झुडपी रानात स्पेकबूम सगळीकडे पसरलेलं असतं, आणि तिथल्या हत्तींचं ते मोठं अन्न आहे. गेंडे, कुडू हरणं आणि कासवंही ते खातात.

गंमत आहे ती खाण्याच्या पद्धतीत. हत्ती वरून खातो. शेंडे ओरबाडतो, फांद्या मोडतो, अर्ध्या तोंडातून खाली पाडतो. पडलेली फांदी जमिनीला टेकली की तिथेच मूळ धरते. झाडाच्या तळाशी जमिनीलगत पसरलेल्या फांद्यांचा जो घेर असतो, त्याला हत्तीची सोंड फारशी लागत नाही. तो घेर बुंध्याची माती थंड आणि ओलसर ठेवतो, आणि झाड पुन्हा वर येतं. शेळी मात्र खालून खाते. ती आधी तो घेरच संपवते. बुंधा उघडा पडतो, माती तापते, पालापाचोळा उडून जातो, आणि काही वर्षांत झाड वठतं. मोहेर लोकरीसाठी पाळलेल्या अंगोरा शेळ्यांच्या मोठाल्या कळपांनी पूर्व केपमधली स्पेकबूमची लाखो हेक्टर राई अशीच उघडी केली.

एकदा उघडी झालेली जमीन आपण होऊन भरून येत नाही, कारण बियांतून आलेल्या रोपाला मोठ्या झाडाची सावली आणि कुजलेला पाला लागतो. म्हणून २००४ पासून तिथल्या सरकारी मदतीने एक पुनर्लागवड कार्यक्रम सुरू झाला. त्यात रोपवाटिका नाही, पिशव्या नाहीत. फांद्या तोडायच्या आणि थेट जमिनीत खोचायच्या. कोरड्या, दगडाळ उतारावर!

कुंडीतल्या झाडाबद्दल हे इतकं का सांगतोय? कारण पुढची जवळजवळ सगळी उत्तरं इथूनच येतात. हे झाड मोडण्याला, खुडण्याला, दुष्काळाला तयार होऊन आलेलं आहे. सतत ओल्या चिखलाची त्याला काहीच तयारी नाही.

ऊन किती लागतं?

जितकं देता येईल तितकं. रोज चार-सहा तास थेट ऊन मिळालं तर झाड आटोपशीर, दाट वाढतं आणि पानांच्या कडांवर लाली येते. ती लाली म्हणजे आजार नव्हे. ऊन कमी पडलं की दोन पेरांतलं अंतर वाढतं, फांद्या दोरीसारख्या लांबतात, पानं विरळ आणि मोठी होतात.

एक चूक फार जण करतात: सावलीत वाढलेलं झाड आणलं की त्याच दिवशी भर उन्हात ठेवतात. पानं पांढरट भाजून निघतात. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग रोज थोडं जास्त, असं दहा-पंधरा दिवसांत सवयीला आणा. भाजलेलं पान परत हिरवं होत नाही. नवी पानं मात्र त्या उन्हाला तयार होऊनच येतात.

घरात, खिडकीशी वाढेल का?

अगदी खिडकीला लागून, जिथून आकाश दिसतं अशा जागी, हो. खोलीच्या मध्यभागी टेबलावर नाही. तिथे ते मरायलाही सहा महिने घेतं, म्हणून लोकांना वाटतं ते जगतंय. झाडांसाठीचा एलईडी दिवा रोज बारा तास लावलात तर चालतं.

पाणी किती दिवसांनी घालायचं?

या प्रश्नाला आकडा नाही, आणि जो आकडा सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. 'आठवड्यातून एकदा' हे वाक्य मीही ऐकलं होतं आणि इमानेइतबारे पाळलं होतं. ढगाळ दिवस असोत की रणरणतं ऊन, ठरल्या वारी पाणी. पहिलं झाड त्यातच गेलं. दुसऱ्यालाही मी वार बदलला, पण वार ठरवणं सोडलं नाही.

पाणी किती वेळात संपेल हे ऊन, वारा, कुंडीचा आकार, कुंडी मातीची की प्लास्टिकची, मातीत वाळू किती, झाड वाढतंय की थांबलंय, या सगळ्यावर ठरतं. यातलं कॅलेंडरला काहीच ठाऊक नसतं, पण पानाला सगळं ठाऊक असतं.

पान वाचायला असं शिका. भरलेलं पान दोन बोटांत धरलं तर टणक लागतं, वाकत नाही, चकाकतं. तहान लागायला लागली की ते किंचित मऊ पडतं, चकाकी उतरते. आणखी तहान लागली की बारीक सुरकुत्या दिसतात आणि पान पातळ होतं. पाणी द्यायची योग्य वेळ म्हणजे चकाकी गेलेली आणि सुरकुत्या नुकत्या सुरू होणार अशी. सुरकुत्या पडल्या तरी घाबरू नका. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा फुगतात. हे डोळ्यांदेखत होताना पाहणं हा या झाडाच्या सोबतीतला मोठा आनंद आहे.

पानासोबत माती तपासा. बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढा. ओली किंवा माती चिकटलेली निघाली तर थांबा. लहान कुंडी असेल तर उचलून बघा. भरलेल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक हाताला चार-पाच वेळांत कळायला लागतो.

आणि देताना पोटभर द्या. तळाच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत, मग बशीतलं पाणी ओतून टाका. रोज घोटभर पाणी शिंपडणं सगळ्यात वाईट. त्याने वरची माती कायम दमट राहते आणि खालची मुळं तहानलेलीच राहतात.

आता एक फसवी जागा. पानं सुरकुतलेली आहेत, पण माती ओली आहे. अशा वेळी मुळं कुजलेली असतात, म्हणून पाणी वर चढत नाही. इथे आणखी पाणी घातलं की खेळ संपला. माझ्या दुसऱ्या झाडाचं हेच झालं. सुरकुत्या दिसल्या की आधी बोट मातीत घाला, मग पाण्याकडे वळा.

सलग पाऊस असेल तर?

निचरा उत्तम असेल आणि झाडाला भरपूर उजेड मिळत असेल, तर चार-पाच दिवसांचा पाऊस ते सोसतं. त्याहून लांबला तर छपराखाली घ्या. कुंडी जरा तिरपी ठेवली तरी फरक पडतो.

पानं भराभर गळतायत. काय झालं?

गळलेलं पान हातात घ्या. पिवळं, पाणीदार, चेपलं की फुटणारं असेल तर पाणी जास्त झालं. सुकलेलं, कागदासारखं असेल तर पाणी फार दिवस मिळालं नाही. हिरवं, धडधाकट पान नुसत्या स्पर्शाने गळत असेल तर जागा बदलल्याचा किंवा थंडीचा धक्का आहे; उन्हातून एकदम अंधाऱ्या खोलीत आणलेल्या झाडाचं हमखास असं होतं. या शेवटच्या प्रकारात काहीही 'उपाय' करू नका. उजेडात ठेवा, पाणी कमी करा, वाट बघा. फांद्या आतून हिरव्या आणि टणक असतील तर दर पेरातून नवी पानं फुटतील.

खालची जुनी पानं अधूनमधून गळणं हे मात्र नेहमीचंच.

माती कशी करायची?

मुठीत दाबून सोडली की लगेच सुटी होईल अशी. माझं मिश्रण साधं आहे: निम्मा भाग भरड, म्हणजे चाळून धूळ काढलेली जाड वाळू, विटांचे मटाराएवढे तुकडे किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके दाणे), उरलेल्या निम्म्यात बागेची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. बारीक रेती वापरू नका, ती सिमेंटसारखी बसते. नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तेही नको. ते वरून कोरडं दिसतं आणि आत ओलं असतं, आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी शोषतच नाही.

तळाला खडीचा थर घालावा ना?

घालू नये. ही सवय इतकी रुळली आहे की उलटं सांगितलं तर लोकांना पटत नाही, म्हणून कारण सांगतो. बारीक मातीत पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. खाली एकदम मोठ्या पोकळ्यांची खडी आली की ते पाणी सहजासहजी त्यात उतरत नाही; खडीच्या वर, मातीच्या तळाच्या थरात साचून राहतं. खडी नसती तर तो ओला थर कुंडीच्या अगदी तळाशी राहिला असता. खडी घालून आपण तो उचलून मुळांच्या जवळ आणतो. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापराचा एक तुकडा पुरे. निचरा सुधारायचा असेल तर भरड भाग संपूर्ण मातीत मिसळा.

कुंडी केवढी घ्यावी?

मुळांच्या गोळ्यापेक्षा दोन बोटं मोठी, त्याहून नाही. मोठ्या कुंडीत मुळं पोहोचत नाहीत तिथली माती ओली राहते. मातीची, न रंगवलेली कुंडी सगळ्यात बरी. भोक नसलेल्या शोभेच्या भांड्यात लावूच नका.

दर दोन-तीन वर्षांनी, ऊबदार दिवस सुरू होताना, कुंडी बदला. बदलल्यावर आठवडाभर पाणी देऊ नका. तुटलेल्या मुळांची टोकं आधी सुकली पाहिजेत.

फांदीपासून नवं झाड कसं करायचं?

हे इतकं सोपं आहे की पहिलंच कटिंग करणाऱ्यालाही जमतं. चार-सहा इंचांची, थोडी जून झालेली फांदी घ्या. खालची दोन-तीन पेरं मोकळी करा. मग सावलीत, कोरड्या जागी चार-सहा दिवस नुसती ठेवून द्या. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरते, आणि तीच महत्त्वाची: ताजी जखम ओल्या मातीत गेली की बुरशी शिरते. जाड फांदी असेल तर दहा-बारा दिवस ठेवा. मी बोटाएवढी जाड फांदी तीन आठवडे विसरून गेलो होतो, तरी ती लागली.

खपली धरली की जेमतेम दमट मातीत खोचा, हलणार नाही अशी. उजेड भरपूर, थेट कडक ऊन नको. आठवडाभर पाणी नाही, नंतर अगदी बेताने. ऊबदार हवेत तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. उपटून बघायचा मोह आवरा; फांदी हळूच ओढल्यावर धरून ठेवल्यासारखी वाटली की मुळं आली. शेंड्याला नवी चकचकीत पानं दिसली की पक्कं.

पाण्यात ठेवून मुळं आणली तर?

येतात. पण पाण्यातली मुळं नाजूक असतात आणि मातीत गेल्यावर त्यांना पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. मातीतच सरळ लागत असताना मला यात फायदा दिसत नाही.

एका पानापासून?

कधी कधी होतं, पण फार हळू, आणि पुष्कळदा पानाला नुसती मुळं येतात, कोंब येत नाही. फांदी वापरा.

खत?

कमीच. वाढीच्या दिवसांत महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, कोणतंही समतोल द्रवखत पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या तीव्रतेने. नत्र जास्त झालं की फांद्या लुसलुशीत होतात आणि कीड तिकडेच धावते. आजारी किंवा नुकत्या कुंडी बदललेल्या झाडाला अजिबात नको.

छाटणी आणि बोन्साय: कुठून सुरुवात करू?

या झाडाची पानं समोरासमोर जोडीने येतात, आणि पुढची जोडी आधीच्या जोडीला काटकोनात. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. म्हणजे कुठेही छाटलं तरी त्याच्या खालच्या पेरातून दोन फांद्या निघणार, आणि त्या कोणत्या दिशांना जातील हे तुम्हाला आधीच दिसतं. डाव्या-उजव्या बाजूला फांद्या हव्यात तर त्या जोडीच्या वर कापा. पुढे-मागे हव्यात तर एक पेर वर किंवा खाली. एवढं समजलं की निम्मं बोन्साय समजलं. दोघांतली नको असलेली फांदी कोवळी असतानाच खुडून टाकायची.

कापताना पेराच्या अगदी लगत कापू नका. फांदी पेरापर्यंत मागे वाळत येते, म्हणून थोडा ठोंब ठेवा. तो सुकून आपोआप गळतो. जखमेला काही लावायची गरज नाही. फक्त छाटणीनंतर पाच-सात दिवस पाणी थांबवा. पानं कमी झाल्याने झाडाची तहानही कमी झालेली असते, हे बरेच जण विसरतात.

फांदीला वळण देण्यासाठी तिच्याभोवती जी तार गुंडाळतात, तिच्याबद्दल मी जरा सावध आहे. पाण्याने भरलेली फांदी गाजरासारखी कडकन मोडते. तार गुंडाळायची असेल तर आधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, पानं किंचित मऊ पडू द्या, मग हळूहळू वाकवा. ऊबदार दिवसांत फांदी भराभर जाड होते आणि तार रुतते, म्हणून दर आठवड्याला बघा. मी स्वतः तारेपेक्षा 'वाढू द्या, छाटा, पुन्हा वाढू द्या' हीच पद्धत वापरतो. वेळ लागतो, पण फांद्यांना जे वळण येतं ते झाडाचं स्वतःचं वाटतं, आणि हत्तीने हजारो वर्षं या झाडाशी हेच तर केलंय.

खोड जाड करायचं असेल तर उथळ तबकात घाई करू नका. आधी मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या. खालची एखादी फांदी मुद्दाम लांबू द्यायची; तिच्यामुळे बुंधा भरतो, आणि मग ती कापायची. तबकात गेल्यावर खोड फारसं भरत नाही.

फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. थोडे असतील तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक टिपून काढा. जास्त असतील तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, आणि मग संध्याकाळी निमतेल, लिटरभर पाण्यात पाच मिली, दोन-चार थेंब साबण घालून. आधी एकाच फांदीवर फवारून दोन दिवस बघा, कारण तेल आणि साबणाने मांसल पानांवर कधी कधी डाग पडतात. उन्हात कधीच फवारू नका. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा करा. एकदाच केलं तर अंडी वाचतात.

झाड काही कारण नसताना खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा. मुळांवरही मिलीबग असतात. तिथे सगळी माती झटकून, मुळं धुऊन, सुकवून नव्या मातीत लावणं हाच मार्ग.

तपकिरी टिकल्यांसारखी खवले कीड नखाने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून निघते. कोरड्या, बंद हवेत लाल कोळी येतो. पानं फिकी, ठिपकेदार दिसली तर भिंगातून मागची बाजू तपासा.

बुंधा काळा आणि मऊ पडलाय. वाचेल का?

बुंधा वाचणार नाही. झाड मात्र वाचू शकतं. आजच्या आज वरच्या धडधाकट फांद्या कापून घ्या. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने कापा, आणि प्रत्येक काप नीट बघा: आतला गाभा सगळीकडे फिका हिरवा-पांढरा पाहिजे. तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर पातं पुसून आणखी वर कापा. स्वच्छ काप मिळेपर्यंत वर जात राहा, मग आठवडाभर सुकवून नेहमीप्रमाणे लावा. माझं आताचं जुनं झाड त्या कुजलेल्या दुसऱ्या झाडाच्या एका चार इंची शेंड्यातून आलेलं आहे.

थंडी किती सोसतं?

माती कोरडी असेल तर शून्याच्या खाली एक-दोन अंश, तेही थोडाच वेळ. सलग थंडी किंवा कडक दहिवर पडलं की शेंडे काळे पडतात. तापमान ५ अंशांच्या खाली जायला लागलं की कुंडी आत घ्या. थंडीत पाणी अगदी कमी, कारण गार आणि ओली ही जोडी एकट्या थंडीपेक्षा जास्त घातक.

पानं खाता येतात म्हणतात, ते खरं का?

खरं. पान आंबट, रसदार लागतं, आणि पहाटे तोडलेलं पान संध्याकाळच्या पानापेक्षा स्पष्ट जास्त आंबट लागतं. कारण सुंदर आहे. कोरड्या दिवसांत हे झाड दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतं, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. दिवस उजाडला की ते आम्ल वापरून अन्न तयार होतं, आणि संध्याकाळपर्यंत आंबटपणा उतरतो. पाणी मुबलक असेल तेव्हा हेच झाड बहुतेक साध्या झाडांसारखं दिवसा श्वास घेतं आणि जास्त भराभर वाढतं. दोन्ही रीती येणारी झाडं कमी आहेत.

खायची असतील तर झाड नक्की ओळखा, आणि कीटकनाशक मारलेल्या किंवा नुकत्याच नर्सरीतून आणलेल्या झाडाची पानं तोंडात घालू नका.

म्हणजे रात्री ऑक्सिजन देतं?

नाही. रात्री ते कार्बन डायऑक्साइड घेऊन ठेवतं, एवढंच. ऑक्सिजन बाहेर पडतो तो उजेडातच.

ॲमेझॉनच्या जंगलापेक्षा दहापट कार्बन शोषतं हे खरं आहे का?

असे संदेश फिरतात, पण ते अतिशयोक्त आहेत. खरी गोष्ट तशीही मोठी आहे: अर्धकोरड्या प्रदेशाच्या मानाने स्पेकबूमच्या राईत, विशेषतः तिच्या पालापाचोळ्यात आणि मातीत, खूप कार्बन साठतो. पूर्व केपमधल्या एका शेतावरच्या जुन्या लागवडीत हेक्टरी वर्षाला सुमारे चार टन कार्बन साठल्याचं मोजलं गेलं आहे. पण ते उघड्या जमिनीवर पुन्हा उभ्या राहिलेल्या रानाचं मोजमाप आहे. गॅलरीतल्या एका कुंडीने हवामान बदलत नाही, आणि झाड लावायला तेवढं एकच कारण लागतं असंही नाही.

फुलं कधी येणार?

कुंडीत क्वचितच. मायदेशात वसंताच्या शेवटी बारीक, फिकट गुलाबी-जांभळ्या चांदण्यांसारखे झुपके येतात आणि मधमाश्या तुटून पडतात. त्यासाठी झाड जुनं, भरपूर उन्हातलं, आधी काही महिने कोरडं राहिलेलं, आणि मुख्य म्हणजे न छाटलेलं लागतं. बोन्साय आणि फुलं एकाच झाडावर मागू नका.

रंगीत पानांचे प्रकार वेगळे सांभाळावे लागतात का?

थोडे. 'व्हेरिगाटा'च्या पानांना मलईसारखी कड असते. 'मिडिओ-पिक्टा'त उलट, मध्य फिका आणि कड हिरवी. फिक्या भागात हरितद्रव्य कमी, म्हणून ही झाडं सावकाश वाढतात आणि दुपारच्या उन्हात लवकर भाजतात. मध्येच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर बुडापासून काढा, नाहीतर ती जोरात वाढून सगळं झाड हिरवं करते. 'प्रोस्ट्राटा' जमिनीलगत पसरतं, टांगत्या कुंडीला छान.

जमिनीत लावून कुंपण करता येईल?

येईल, जर पाणी साचत नसेल आणि कडक दहिवर पडत नसेल तर. दोन-अडीच फुटांवर एकेक फांदी लावा, पहिल्या वर्षी शेंडे दोन-तीनदा खुडा. सोडून दिलं तर ते दोन ते पाच मीटर उंच होतं. खालच्या फांद्या स्वच्छ करून बुंधा उघडा करू नका. शेळीची गोष्ट आठवा.

महिनाभर घरी नसेन. शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगू का?

नको. निघायच्या आदल्या दिवशी पोटभर पाणी द्या, कडक उन्हातून जरा बाजूला, पण उजेडात ठेवा. परत याल तेव्हा पानं सुरकुतलेली असतील, काही गळलेली असतील, आणि झाड जिवंत असेल.

लांब राहणाऱ्या मैत्रिणीला फांदी पाठवायची आहे. टिकेल?

आरामात. कापून दोन दिवस सावलीत सुकवा, कोरड्या वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरा. प्लास्टिकची पिशवी नको, ओला कापूस तर अजिबात नको, वाटेत कुजेल. दोन-तीन आठवडे प्रवासात गेले तरी चालतं. पानं जरा चुरगळलेली पोहोचतील, तेव्हा सोबत चिठ्ठीत एवढं लिहा: आल्या आल्या पाण्यात घालू नकोस, कोरड्या मातीत खोच आणि आठवडाभर हात लावू नकोस.